सहल, संकष्टी आणि साखर

"डॉक्टर, आम्ही सहलीला जावं की नाही?" थंडी पडू लागली की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, कुणाचे गुडघे कुरकुरणारे. मुले म्हणतात, घरीच बसा. मी मात्र म्हणतो, जरूर जा. मोकळी हवा, चार माणसांची संगत आणि पायांना चाल यांसारखे औषध नाही. फक्त जाताना सहलीची तयारी कपड्यांच्या बॅगेपासून नव्हे, औषधांच्या डबीपासून करा.

हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पण गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच माझ्या बावीस रुग्णांना घेऊन एका दिवसाच्या सहलीला गेलो, आणि सांगणे किती सोपे व करणे किती कठीण ते मला कळले. त्या दिवशी एक चूक झाली. ती रुग्णाची थोडी आणि माझी जास्त होती. ज्या काकूंच्या बाबतीत ती घडली त्यांच्या परवानगीनेच आज ती वाचकांपुढे मांडतो.

बेत असा ठरला. पहाटे पेणहून बसने निघायचे. नवी मुंबईत बेलापूरचा पडका किल्ला पाहायचा. तेथून उरणला जाऊन मोरा बंदरावरून लाँचने घारापुरीची लेणी गाठायची. दुपारी परत येऊन उरणला जेवण, मग पिरवाडीच्या किनाऱ्यावर सूर्यास्त आणि रात्री आठच्या आत घरी. माहिती सांगायला बेलापूरचे एक निवृत्त इतिहास शिक्षक आनंदाने तयार झाले. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणू लागलो. नातवालाही त्यांनी बरोबर घेतले होते. लेणी सोमवारी बंद असतात म्हणून रविवार निवडला. तारीख मी ठरवली. कॅलेंडरवर रविवारचा लाल आकडा पाहिला आणि त्याखालचे बारीक अक्षर वाचलेच नाही.

बेलापूरचा बुरूज

सात वाजता आम्ही बेलापूरला पोहोचलो. पाम बीच रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या गाड्यांना पत्ताही नसतो, पण तेथून हाकेच्या अंतरावर, किल्ले गावठाणाजवळ, जुन्या किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. एक बुरूज, तटाचे तुकडे, दगडांत घुसलेली झाडांची मुळे आणि पलीकडे पनवेलची खाडी. गुरुजींनी थोडक्यात सांगितले की, सिद्दींनी सोळाव्या शतकात तो बांधला, पुढे पोर्तुगीज आले, चिमाजी अप्पांच्या काळात तो मराठ्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांनी घेतला. अप्पांनी विजयानंतर जवळच्या देवळात बेलाच्या पानांची माळ वाहिली म्हणून बेलापूर, असेही सांगतात. सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडीकाठच्या गावांभोवती नवे शहर उभे राहिले ते त्यानंतर.

किल्ल्यापाशीच पोह्यांच्या पुड्या वाटल्या. सकाळी साडेपाचला निघालेली माणसे, भूक लागलेली. सगळ्यांनी हात मारला. आमच्या काकूंनी मात्र पुडी घेतली, उघडली नाही, पिशवीत टाकली. "नंतर खाईन," म्हणाल्या. मी पाहिले आणि पुढच्या माणसाला पुडी दिली. सहलीत पंक्ती वाढणाऱ्याने पुड्या किती वाटल्या हे मोजू नये, किती खाल्ल्या गेल्या ते मोजावे, हा धडा मला त्या क्षणी मिळायला हवा होता.

मोऱ्याला पाणी नव्हते

नऊ वाजता मोरा बंदरावर पोहोचलो तेव्हा समुद्र बराच लांब गेला होता. समोर नुसता चिखल. ओहोटीच्या वेळी मोऱ्याला गाळामुळे लाँच लागत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. लाँचवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "डॉक्टर, तिथी नाय बघितलीव?"

कोळीबांधवांचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, म्हणजे नेमकी सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. पाणी चढेपर्यंत दोन तास थांबण्यावाचून इलाज नव्हता.

दोन तास गप्पांत गेले. गुरुजींनी मिठागरांची आणि द्रोणागिरीची माहिती सांगितली. अकराला लाँच सुटताना मी आणखी एक निर्णय घेतला. घारापुरीला माकडे फार. हातातल्या पिशव्या ओढतात. तेव्हा जेवणाचे डबे बसमध्येच ठेवा, दोनपर्यंत परत येऊन जेवू, असे मी फर्मान काढले. गुडघेदुखीच्या एक आजी बसमध्येच थांबल्या. त्यांच्या सोबतीला माझा कंपाउंडर राहिला, आणि त्याच्या खांद्याला माझी औषधांची बॅगही राहिली.

लाँचमध्ये मात्र एक गोष्ट नीट झाली. प्रत्येकाला लाईफ जॅकेट घालायला लावले आणि त्याचे पट्टे मी स्वतः तपासले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून अनेकांचे प्राण गेले, हे कुणी विसरलेले नाही. जॅकेट बाकाखाली ठेवण्यासाठी नसते. ज्यांना बोट लागते त्यांना मी मधोमध बसवले आणि दूरच्या क्षितिजाकडे नजर ठेवायला सांगितले. हातातल्या मोबाईलकडे पाहत बसले की मळमळ वाढते.

पायऱ्या आणि लेणी

घारापुरीच्या धक्क्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या. ज्यांना चढणे झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. डोलीत बसण्यात कमीपणा मानू नका. आमच्यापैकी दोघे डोलीतून आले आणि ज्यांनी हट्टाने चालत वाट काढली त्यांच्यापेक्षा त्यांनी लेणी अधिक निवांत पाहिली.

चढण्याचा माझा नियम असा. चढता चढता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की थांबा. वीस पायऱ्या झाल्या की दोन मिनिटे उभे राहा, दम लागलेला नसला तरीही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब खाली बसा आणि सोबतच्यांना सांगा. बेटावरून रुग्णाला हलवायचे तर पुन्हा बोटच लागते, म्हणून लपवाछपवी इथे महागात पडते. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. काठी असेल तर तिचा खरा उपयोग उतरताना होतो.

साडेबाराला आम्ही मुख्य लेण्यात शिरलो. बाहेर ऊन चटके देत होते, आत एकदम गारवा. हे लेणे सुमारे सहाव्या शतकातले. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खांबांच्या रांगांमधून आत गेले की मागच्या भिंतीवर तो भव्य सदाशिव दिसतो, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो. उंची अठरा-वीस फूट. मधला चेहरा ध्यानमग्न, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा कोमल. एकाच देवाची तीन रूपे आहेत, असे गुरुजी समजावून सांगत होते. पोर्तुगीजांनी इथल्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिले आणि तो हत्ती आता भायखळ्याला आहे, हेही त्यांनी सांगितले.

तेवढ्यात आमच्या काकू कडाडल्या, "बंद करा हो तुमची बडबड! कधीपासून डोकं उठवलंय!"

सगळे अवाक झाले. मग कुणीतरी हसले. "काकूंचं उग्र रूप!" असे कुणी म्हणाले आणि, लिहायला लाज वाटते, मीसुद्धा हसलो. वीस वर्षे या बाई माझ्याकडे येतात. त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तेच खरे तर लक्षण होते. दोन मिनिटांनी त्या खांबाला टेकल्या. कपाळावर घामाचे थेंब होते. त्या गार लेण्यात घाम! हात हातात घेतला तर थंडगार आणि थरथरणारा. विचारले, "काकू, आज वार कोणता?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोह्यांची पुडी नातवाला ठेवलीय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकू मधुमेहासाठी ग्लिमेपिराईडची गोळी घेतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, पोटात अन्न असो वा नसो. पहाटे पाचला, मी सांगितल्याप्रमाणे, काकूंनी गोळी घेतली होती. त्यानंतर पोटात काय गेले? एक कप बिनसाखरेचा चहा. त्यावर किल्ला, उन्हातले दोन तास आणि १२० पायऱ्या. रक्तातली साखर उतरत गेली होती.

ग्लुकोमीटर मोऱ्याला बॅगेत होता. ग्लुकोजची पुडीही तिथेच होती. पण अशा वेळी मोजण्यासाठी थांबायचे नसते. शंका आली की साखर द्यायची. गुरुजींचा नातू बाहेर धावला. पायऱ्यांपाशी एक मावशी लिंबू सरबत विकत होत्या. त्यांनी काही न विचारता साखरेचा डबाच त्याच्या हाती दिला. अर्ध्या पेल्या पाण्यात तीन चमचे साखर घोळून मी पेला काकूंच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवले.

"आज संकष्टी आहे. चंद्र बघितल्याशिवाय मी काही घेत नाही."

आता सगळा उलगडा झाला. काकू गेली चाळीस वर्षे संकष्टी करतात. उपास आहे असे सांगितले तर डॉक्टर सहलीला नेणार नाहीत, या भीतीने गप्प बसल्या होत्या. आणि मी? औषधे विचारली, ईसीजी पाहिला, बूट तपासले. "उपास आहे का?" हे तीन शब्द विचारले नाहीत. कॅलेंडरवरचे ते बारीक अक्षर वाचले असते तर मोऱ्याची ओहोटी आणि काकूंची संकष्टी दोन्ही एकाच जागी छापलेली सापडली असती.

त्या घटकेला वाद घालायचा नव्हता. मी एवढेच म्हणालो, "काकू, साखर उपासाला चालते."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि पेला घेतला.

दहा-बारा मिनिटांत थरथर थांबली. पंधरा मिनिटांनी वार विचारला. "रविवार. आणि गुरुजी, मी काही बोलले असेन तर माफ करा हं." त्यानंतर आणखी एक पेला सरबत आणि मावशींकडचीच दोन केळी खायला लावली. काकू डोलीतून खाली उतरल्या. बसमध्ये पोहोचताच साखर मोजली, ती ११८ भरली. तरीही दर दोन तासांनी मी मोजत राहिलो. कारण ही गोळी लबाड आहे. तिचा अंमल बराच वेळ टिकतो आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा खाली घसरू शकते. म्हणून अशा गोळीमुळे त्रास झालेल्या रुग्णाने 'बरे वाटले' म्हणून एकट्याने झोपी जाऊ नये. वरचेवर खावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उपास आणि मधुमेह

मी उपासाच्या विरुद्ध नाही. श्रद्धेचा भाग आहे. पण मधुमेहात उपास दोन्हीकडून गोत्यात आणतो. काहीच खाल्ले नाही आणि गोळी किंवा इन्शुलिन घेतले, तर साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे आणि वेळीच उपाय न झाल्यास बेशुद्धी. रक्तदाबाच्या काही गोळ्या ही थरथर आणि धडधड झाकून टाकतात. अशांच्या बाबतीत घाम आणि बदललेली वागणूक एवढीच खूण उरते. उलट 'एकादशी दुप्पट खाशी' केले, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे, तर साखर भलतीच चढते.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. एकटे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी सहसा घसरत नाही. आपली गोळी कोणत्या जातीची आहे हे डॉक्टरांना विचारून ठेवा. उपासाच्या दिवशी मात्रा कमी करायची का, वेळ बदलायची का, हे त्यांनीच ठरवायचे. गोळी मनाने बंद करू नका आणि अन्नाशिवायही घेऊ नका. गोळी आणि घास यांची जोडी आहे. बाहेरगावी जेवणाची वेळ पुढे जाणार असेल तर तसे आधीच विचारून घ्या.

पिरवाडीचा किनारा

आम्ही उरणला जेवलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पाच वाजता पिरवाडीला गेलो. छान वारा होता, माणसे खुलली. इथे आणखी एक प्रकार घडला. एका काकांनी बूट काढून खडकांवर फेरफटका मारला. परत आले तेव्हा ओल्या वाळूत तांबडे ठसे उमटत होते. कालवाच्या धारेने तळवा चिरला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. अशा लहान जखमेतूनच पुढे पाय गमावण्याची वेळ येते. मधुमेह्याने किनाऱ्यावर अनवाणी फिरू नये आणि संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा आणि धनुर्वाताच्या लसीचे विचारा.

भगिनींसाठी एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका सहलीत पाणीच पीत नाहीत. आमच्यातल्या तिघींनी सकाळपासून घोटभरसुद्धा प्यायले नव्हते. त्यातून चक्कर येते, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. सहल ठरवणाऱ्याने दर दोन तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा ठरवावा आणि तो सगळ्यांना आधी सांगावा. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

१. कॅलेंडरवर तारखेबरोबर तिथीही वाचा. भरती-ओहोटी कळेल आणि कुणाचा उपास आहे तेही कळेल.

२. प्रत्येकाच्या खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी हवी. पुडी खिशातच हवी, बसमधल्या बॅगेत असून उपयोग नाही. साखर उतरल्यास तीन चमचे पाण्यात घोळून द्या, पंधरा मिनिटांनी पाहा, गरज वाटल्यास पुन्हा द्या आणि मग पोटभर खायला घाला.

३. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

४. आपल्या औषधांची नावे आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी वरच्या खिशात ठेवा.

५. इन्शुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत जवळ बाळगा. बर्फाला थेट चिकटवू नका.

६. माकडाने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालय गाठा.

७. सोबतचा शांत माणूस अचानक चिडला, तर हसू नका. आधी विचारा, "शेवटचं कधी खाल्लंत?"

जानेवारी २०२४ पासून रेल्वे थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे बेलापूरहून तिकडे जाणे आता सोपे झाले आहे. ज्यांना बसचे धक्के सोसत नाहीत त्यांनी गाडीने जावे, पण जावे जरूर.

त्या रात्री घरी पोहोचलो तरी माझे लक्ष फोनकडे होते. सव्वानऊला तो वाजला. काकूच होत्या. "चंद्र दिसला, डॉक्टर. साखर मोजली, १४२ आहे. आता वरणभात जेवतेय. आणि एक विचारायचं होतं, माझा उपास मोडला का हो?"

मी म्हणालो, "नाही काकू. साखर चालते."

"मग पुढच्या सहलीची तारीख मी काढणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तिथी बघता येत नाही."

ते मला मान्य आहे.